क्रूझचे पाहुणे आणि आमचं जमैकातलं मिशन: सारखे विचारले जाणारे प्रश्न

जय ख्रिस्त मंडळी. आम्ही दोघं जमैकाला एका मिशनमध्ये असतो आणि तिथं क्रूझ जहाजातून जे पाहुणे येतात त्यांचं सगळं बघायचं काम माझ्याकडे आहे. सुट्टीला सोलापूरला आलो की उपासना सुटल्यावर, लग्नाच्या पंगतीत, नवी पेठेत साडी घेताना सुद्धा कोणी ना कोणी तेच प्रश्न विचारतं, आणि आता तर मेसेज यायला लागलेत की आम्ही क्रूझला चाललोय, तुमच्याकडे येऊ का. म्हणून सगळं एका जागी लिहिते. मोठं झालंय, पाहिजे तेवढं वाचा.

जमैका नेमकं कुठं आणि मिशनचा क्रूझशी काय संबंध?

कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे, क्यूबाच्या दक्षिणेला. आम्ही उत्तर किनाऱ्यावर फालमथ गावाच्या जवळ असतो. हे १७६९ साली वसलेलं गाव, साखरेच्या काळात फार गजबजलेलं बंदर होतं, नंतर मागं पडलं, आणि २०११ साली तिथं मोठ्या क्रूझ जहाजांसाठी नवा धक्का सुरू झाला. एकेका जहाजात ५ हजारांवर प्रवासी असतात, म्हणजे सकाळी जहाज लागलं की रस्त्यावर पाहुण्यांचीच गर्दी दिसते. जवळच मॉन्टेगो बे आणि ओचो रिओसला पण जहाजं लागतात.

आमचं मिशन म्हणजे एक चॅपल, एक बेसिक स्कूल, छोटा दवाखाना आणि बायकांचा शिवणवर्ग. बेसिक स्कूल म्हणजे तिथली बालवाडी, ३ ते ६ वर्षांची मुलं, आणि जमैकात अशा बऱ्याच शाळा चर्चच चालवतात. बंदर जवळ असल्यामुळे पाहुणे येतात, एवढाच संबंध.

बीच सोडून लोक मिशनला कशाला येतात?

बरेच जण आपापल्या देशात चर्चला जाणारे असतात, त्यांना वाटतं की या बेटावरची मंडळी कशी आहे ते बघावं. काही रिटायर्ड शिक्षक, नर्स असतात. काही जण दरवर्षी त्याच जहाजानं येतात आणि मग आमचेच होऊन जातात. आणि काहींना फक्त दुकानं आणि दारूचे बार नको असतात, दुसरं काहीतरी बघायचं असतं. मला या सगळ्यांचं कौतुक आहे, कारण सुट्टीच्या मोजक्या तासातले ३ तास कोणी अनोळखी माणसांना देतंय ही साधी गोष्ट नाही.

एक दिवस कसा जातो?

जहाज साधारण सकाळी ७-८ ला लागतं आणि दुपारी ४-५ ला सुटतं. पण खरे हातात मिळतात ३, फार तर ४ तास. उतरायला वेळ जातो, पोर्टच्या आतून चालत गेटपर्यंत यायला वेळ जातो, गाडीत बसायला वेळ जातो, आणि परत जाताना पण तेच.

आमचा ड्रायव्हर गेटबाहेर पाटी घेऊन उभा असतो. आले की आधी व्हरांड्यात बसवायचं, थंड पाणी द्यायचं, टॉयलेट दाखवायचं. हे सगळ्यात आधी, कारण बहुतेक पाहुणे साठीच्या पुढचे असतात आणि तिथं दमट ऊन असतं, आपल्या सोलापूरसारखं कोरडं नाही, घाम वाळतच नाही. मग तिथल्या पाळकबाई १०-१५ मिनिटं बोलतात. त्या जमैकनच आहेत आणि त्यांनीच बोलायचं हे आमचं ठरलेलं आहे, मी मागं चहा-सरबताचं बघते. पाहुण्यांना भारतातून आलेल्या बाईचं अप्रूप वाटतं आणि ते माझ्याभोवती जमायला लागतात, तेव्हा मी सरळ सांगते की घर यांचं आहे, यांच्याकडून ऐका.

नंतर चॅपल, दवाखाना, शिवणवर्ग. शिवणवर्गात लोक सगळ्यात जास्त रमतात कारण तिथं बायका हातानं काम करत करत बोलतात, पाहुणीला पण सुई देतात, आणि अर्ध्या तासात एकमेकींच्या नातवंडांचे फोटो बघून होतात.

एक गोष्ट आम्ही पाहुण्यांना गाडीतच सांगून ठेवतो, जमैकात कुठल्याही खोलीत शिरलं की आधी गुड मॉर्निंग म्हणायचं, मगच काय ते बोलायचं. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये सुद्धा. नुसतं जाऊन किंमत विचारली तर समोरचा माणूस दुखावतो. आपल्याकडे पण घरात आलेल्यानं आधी बरं हाय का विचारलं नाही तर कसं वाटतं, तसंच.

एका वेळी किती पाहुणे घेता?

१२. एक व्हॅन. त्यापेक्षा जास्त झाले की भेट राहत नाही, नुसती गर्दी होते.

जहाज सुटलं तर?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याचं उत्तर जरा नीट वाचा.

क्रूझ कंपनीनं स्वतः विकलेल्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतंत्रपणे बाहेर पडलात, मग ते मिशनला असो की बीचला, तर जहाज कोणासाठी थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चानं जायचं. आणि आमच्याकडे येणारे बहुतेक स्वतंत्रच येतात.

त्यात घड्याळाचा घोळ आहे. जमैकात वर्षभर एकच वेळ असते, पण अमेरिकेत मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढं करतात. मायामीहून निघालेलं जहाज उन्हाळ्यात स्वतःचीच वेळ चालू ठेवत असेल तर त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास पुढं असतं. म्हणजे जहाजावर साडेतीन वाजले तेव्हा आमच्याकडे अडीच. वर पाहुण्यांचे मोबाईल आपोआप जमैकाची वेळ पकडतात, त्यामुळे माणूस फोन बघून निवांत बसतो. काही जहाजं बेटाची वेळ घेतात, काही घेत नाहीत, म्हणून गेटवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, तुमच्या जहाजाच्या घड्याळात आत्ता किती वाजले. आमच्या व्हरांड्यात भिंतीवर दोन घड्याळं आहेत, एक आमचं, दुसऱ्याला लाल चिकटपट्टी लावलीय ते जहाजाचं. रोज सकाळी ड्रायव्हर विचारून येतो आणि लाल पट्टीवाल्याचे काटे फिरवतो. परतायची शेवटची वेळ जहाज सुटायच्या अर्धा ते एक तास आधीची असते, आणि आम्ही पाहुण्यांना त्याच्याही दीड तास आधी गेटवर सोडतो. कोणी कितीही म्हणालं की अजून पाच मिनिटं, तरी नाही.

मुलं पाहुण्यांसाठी गाणी म्हणतात का?

नाही. यावर माझं फार ठाम मत आहे आणि ते सगळ्यांना आवडतं असं नाही.

सोलापुरात मी ज्या शाळेत होते तिथं बाहेरचे पाहुणे यायचे, एप्रिलच्या उन्हात आम्हाला ओळीत उभं करायचे, हातात झेंडूचा हार, पायाखाली तापलेली फरशी, आणि पाहुण्यांची गाडी येईपर्यंत हलायचं नाही. पाहुणे बिचारे चांगले असायचे, त्यांना हे माहीतच नसायचं. पण त्या दिवशी शिकवणं बंद असायचं आणि आमचं काम म्हणजे पाहुण्यांना दिसणं एवढंच होतं.

क्रूझच्या सीझनला आठवड्यात अनेक दिवस जहाजं असतात. प्रत्येक वेळी मुलं बाहेर काढली तर शाळा कधी भरणार? आणि तीन-चार वर्षांचं पोर, त्याला रोज नवीन आजी मांडीवर घेते, लाड करते आणि तासाभरात कायमची निघून जाते, हे त्या पोराच्या मनाला बरं नाही. म्हणून शाळा चालू असताना पाहुणे वर्गात जात नाहीत. मधल्या सुट्टीत मुलं अंगणात खेळतात तेव्हा पाहुणे व्हरांड्यात असतात, मुलं आपणहून आली, बोलली, तर छान. बोलावून आणायचं नाही. उचलून घ्यायचं नाही. कोणीही पाहुणा मुलाबरोबर एकटा राहायचा नाही, टॉयलेटला नेणं तर नाहीच, ते शिक्षिकाच करतात.

जमैकात २००४ चा बालसंरक्षण कायदा आहे, त्यात मुलाला त्रास होतोय अशी शंका आली तरी कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेव्हा हा नुसता माझा स्वभाव नाही.

मग फोटो?

इमारतीचे, झाडांचे, मोठ्या माणसांचे विचारून. मुलांचे नाही. शिक्षिकांनी पाठीमागून काढलेले, चेहरा न दिसणारे काही फोटो आम्ही छापून ठेवलेत, ते पाहुण्यांना देतो आणि बहुतेक लोक समजून घेतात.

पाहुणे काय घेऊन येतात? आणि काय आणू नये?

वह्या, पेन्सिली, रंग, शिवणाचा दोरा, चांगल्या कात्र्या, दवाखान्यासाठी हातमोजे आणि बँडेज, हे कायम लागतं. आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी यादी बदलतो आणि येणाऱ्यांना आधीच पाठवतो. पॅक फॉर अ पर्पज नावाची एक अमेरिकन संस्था आहे, ती प्रवाशांना एवढंच सांगते की बॅगेत ५ पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास जागा ठेवा आणि तिथं खरंच जे लागतं ते न्या. ही पद्धत मला फार पटते.

काय नको ते पण सांगते. जुने कपडे नकोत, शाळेत युनिफॉर्म असतो आणि गावात शिंपी आहेत. मिलिटरीच्या छापाचे कपडे तर अजिबात नाहीत, जमैकात साध्या माणसानं तसले कपडे घालणं कायद्यानं बंद आहे आणि पाहुण्यांना हे माहीत नसतं, लहान मुलाची टोपी असली तरी परत पाठवतो. मुदत संपलेली औषधं नकोत. जहाजावरचं शिजवलेलं अन्न आणि फळं खाली आणायला परवानगी नसते. चॉकलेट स्वतः मुलांच्या हातात द्यायचं नाही, जे काय आणलंय ते ऑफिसात द्या, शिक्षिका बघतील कधी कोणाला द्यायचं. देणारा हात मुलांना रोज त्यांच्या बाईंचाच दिसला पाहिजे. खोक्यानं सामान आणायचं असेल तर आधी कळवा, कस्टम्सचं बघावं लागतं.

भेटीचे पैसे घेता का?

नाही. गाडीभाडं ड्रायव्हरचं, ते थेट त्याला. दान द्यायचं असेल तर पावती मिळते, शंभर डॉलर असो की दोन. मागच्या वर्षीच्या दानातून काय काय झालं त्याचा कागद चॅपलच्या दारात लावलाय, छताचे पत्रे, पाण्याची टाकी, एका शिक्षिकेचा पगार, असं. पाहुणे तो कागद थांबून वाचतात.

पाहुणे काही काम करून जातात का, भिंत रंगवणं वगैरे?

खूप जण विचारतात. तीन तासात भिंत रंगत नाही, आणि गावात रंगारी आहे, त्याला दोन दिवसांची रोजी मिळते तर आम्ही त्याच्याच हातून करून घेतो. पाहुण्यांपैकी कोणी रिटायर्ड डेंटिस्ट, डोळ्याचे डॉक्टर असतील त्यांना पण सरळ रुग्ण तपासता येत नाहीत, तिथलं रजिस्ट्रेशन लागतं. त्यापेक्षा आमच्या नर्सबरोबर बसून बोला, ती प्रश्न काढूनच ठेवते.

खायला काय देता?

सरबत, नारळाचे वडीसारखे गोड तुकडे, कधी बॅमी म्हणून कसाव्याची जाड भाकरी असते ती, ईस्टरला बन आणि चीज, ख्रिसमसला सोरेल, म्हणजे अंबाडीच्या जातीच्या लाल बोंडांचं आलं घातलेलं सरबत. ते सोरेल आपल्या माणसांना फार आवडतं.

आता सोलापूरकरांसाठी वेगळं सांगते. आपण शेंगाचटणी सगळ्यात घालतो, शेंगादाण्याचं कूट भाजीत, कोशिंबिरीत, शेंगापोळी तर आहेच. अमेरिकन लोकांत शेंगदाण्याची ॲलर्जी किती असते ते इथं बसून कळत नाही, काहींचा नुसत्या कणानं गळा सुजतो, जिवावर बेततं. म्हणून मी आणलेली चटणी आमच्या खोलीतल्या वेगळ्या डब्यात असते, तिचा चमचा वेगळा, आणि पाहुण्यांच्या दिवशी तो डबा उघडायचाच नाही. जे कोणी तिकडे याल त्यांनी पण हे पाळा की. प्रेमानं आणलेली चटणी पाहुण्यांच्या टेबलावर ठेवू नका.

ख्रिस्ती नसलेले पाहुणे आले तर?

येतात, ज्यू येतात, हिंदू येतात, काहीच न मानणारे येतात. सगळ्यांना तेच पाणी, तीच खुर्ची. दुपारी प्रार्थना होते, ज्याला बसायचं तो बसतो. कोणाला धरून काही सांगत नाही. प्रभूवर आमचा विश्वास आहे आणि तो आमच्या वागण्यातून दिसला नाही तर बोलून काय उपयोग.

पाहुण्यांना तिथला इतिहास सांगता का?

सांगतोच, आणि गोड करून सांगत नाही. हा सगळा किनारा गुलामांच्या मजुरीवर उभा राहिलेल्या उसाच्या मळ्यांचा आहे. जमैकात बॅप्टिस्ट पंथाचं काम सुरू केलं ते इंग्रज मिशनऱ्यांनी नाही, जॉर्ज लायल नावाच्या गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय उपदेशकानं, १७८३ साली तिथं आल्यावर. १८३१ च्या ख्रिसमसला गुलामांनी काम बंद पाडलं आणि उठाव झाला, त्याचा पुढारी सॅम शार्प हा चर्चचा डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक होता, त्याला १८३२ साली मॉन्टेगो बेला फाशी दिलं. आज तो जमैकाचा राष्ट्रीय वीर आहे. आपल्या चार हुतात्म्यांना १९३१ साली फाशी झाली ते सोलापूरच्या पोराला चौकातल्या पुतळ्यांवरून माहीत असतं, तसं तिथल्या मुलांना सॅम शार्प माहीत असतो.

फालमथला विल्यम निब म्हणून मिशनरी होता, गुलामांच्या बाजूनं बोलला म्हणून मळेवाल्यांच्या लोकांनी त्याचं चॅपल पाडलं. १८३८ साली १ ऑगस्टला पूर्ण स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा आदल्या मध्यरात्री लोकांनी त्याच गावात बेड्या आणि चाबूक शवपेटीत घालून पुरले. पाळकबाई हे सांगतात तेव्हा मी बऱ्याचदा पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे बघते. सकाळी जहाजातून उतरताना ज्यांना फक्त निळं पाणी दिसलेलं असतं त्यांना आता गाव दिसायला लागतं, आणि मग ते विचारतात ते प्रश्न वेगळे असतात.

आणि हो, आपली पण माणसं आहेत तिथं. १८४५ पासून भारतातून मजूर नेले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांचीच रोटी आणि करी गोट, म्हणजे बोकडाची करी, आज जमैकाची झालीय.

जहाजावर काम करणारी आपली मुलं भेटतात का?

भेटतात, आणि मला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. गोव्याची, मुंबईची, कोकणातली पोरं असतात, एखादा आपल्या भागातला निघतो. त्यांना दोन-तीन तासांची सुट्टी मिळते. त्यांना मिशन बघायचं नसतं, त्यांना वायफाय पाहिजे असतं आणि घरी व्हिडिओ कॉल करायला शांत कोपरा. भारताची वेळ साडेदहा तास पुढं, म्हणजे जमैकात सकाळचे दहा तर सोलापुरात रात्रीचे साडेआठ, आई जेवण आवरून फोनची वाट बघत बसलेली. अशा मुलांसाठी आम्ही मागची खोली ठेवलीय, पंखा, चार्जर, पासवर्डचा कागद. माहिती कोणी विचारत नाही, वही पुढं करत नाही. खलाशांसाठी जगभर मिशन टू सीफेअरर्ससारख्या संस्था १८५६ पासून हेच काम करतात आणि २०१३ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय करारात पण बंदरावर उतरण्याचा त्यांचा हक्क धरलाय. ज्यांची मुलं जहाजावर आहेत त्या आयांनी मला मेसेज करा, जहाजाचं नाव सांगा, आमच्याकडे लागत असेल तर मी बघते.

तिथं फिरणं सुरक्षित आहे का?

ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर, दिवसा, हो. लाल नंबरप्लेटची गाडीच घ्या, तीच प्रवासी वाहतुकीची परवानावाली. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. दागिने जहाजावर ठेवून या.

वादळं येतात म्हणतात?

जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा आलं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंच, पश्चिम जमैकाचं फार नुकसान झालं. वादळाची चाहूल लागली की जहाजं मार्ग बदलतात आणि भेट रद्द होते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. गर्दीचा सीझन डिसेंबर ते एप्रिल.

आम्हाला मदतीला यायचंय, काय करावं लागेल?

जमैकाला फिरायला जायला भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण फिरायला जाणं वेगळं आणि काम करणं वेगळं, फुकट केलं तरी परवानगी मिशनमार्फतच काढायची. विमान अमेरिकेतून जात असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतोच, विमानतळाबाहेर पाय ठेवला नाही तरी. पासपोर्ट ऑफिसातून पोलीस क्लिअरन्स काढा, पाळकसाहेबांचं पत्र आणा, आणि मुलांबाबतचे नियम सही करून मान्य करा. इंग्रजी मोडकं चालतं. तिथली रोजची बोली पटवा आहे, ती कानावर पडून पडून येते. पण पाहुण्यांपुढे मिरवायची हौस असेल तर नका येऊ, कामातला मोठा भाग खुर्च्या मांडणं, ग्लास धुणं आणि घड्याळ बघणं हाच आहे.

केडगावला मुक्ती मिशनमध्ये जाऊन एक दिवस बघा आधी, पुण्याच्या वाटेवरच आहे. पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं काम अजून चालू आहे, परदेशी पाहुणे तिथंही येतात. तिथल्या बायकांशी बोला, पाहुणे गेल्यावर काय वाटतं ते विचारा. मग ठरवा.

आमचं क्रूझचं बुकिंग झालंय, भेटायला येऊ का?

या की. कमीत कमी महिनाभर आधी जहाजाचं नाव, तारीख, बंदर आणि किती जण ते कळवा. फालमथ आहे का ओचो रिओस ते तिकिटावर नीट बघा, दोन्हीत तासाभराचं अंतर आहे. जहाजाचं कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र जवळ ठेवा. गुडघे झाकतील असे कपडे घाला, मंडळी चॅपलला टोपी-कोट घालून येते. चढ आहे, गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, गाडी वरपर्यंत आणतो.

सोलापुरातून काही पाठवायचं असेल तर?

पार्सल नको, पोस्टाचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होतो. आम्ही परत निघायच्या आधी महिला मंडळाकडे द्या. शिवणवर्गासाठी सुती कापडाचे तुकडे आणि रंगीत दोरे चालतील, बॅगेत बसतील एवढेच. चादरी यावेळी नकोत, वजन फार होतं, आणि मागच्या अजून दवाखान्यात पलंगांवर आहेत, धुऊन धुऊन सुद्धा रंग तसाच आहे.